पहाटेचं स्वप्न खरं होतं का?

प्रश्न : मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. वय ४६. हल्ली पहाटे दोनच स्वप्नं पडतात. एकात बारावीचा गणिताचा पेपर समोर असतो आणि एकही गणित सुटत नाही. दुसऱ्यात दात हलून हातात येतात. सासूबाई म्हणाल्या, "दात पडले म्हणजे घरातलं कुणीतरी जाणार, आणि पहाटेचं स्वप्न खरं होतं." सासरे आजारी आहेत, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. अशी स्वप्नं इतरांना पडतात का?

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांबद्दल. त्यांच्या तब्येतीचं डॉक्टर सांगतील, तुमचे दात नाही. हे मी धीर द्यायला म्हणून लिहीत नाही.

पहाटेचं म्हणाल, तर १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना दिसलं की झोपेत ठरावीक वेळाने मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. अशा वेळी उठवलेली माणसं बहुतेकदा स्वप्न सांगतात. ही झोप साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरत जाते तशी लांबत जाते. सगळ्यात लांब टप्पा पहाटेचा, आणि बरेचदा त्यातूनच आपण जागे होतो. म्हणून पहाटेचं स्वप्न लख्ख आठवतं. रात्री बाराचं विरून गेलेलं असतं, ते खरं झालं की खोटं हे कोण पडताळणार?

दातांचं स्वप्न जगभर पडतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाहिलं, तर त्याचा संबंध मनावरच्या ताणापेक्षा जाग येताना दात-हिरड्या-जबडा आवळल्यासारखा वाटण्याशी जास्त दिसला. उठल्यावर तुमचा जबडा अवघडलेला असतो का? असेल तर दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

परीक्षेच्या स्वप्नात तर तुम्हाला फार मोठी सोबत आहे. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना संशोधकांनी स्वप्नांच्या ५५ विषयांची यादी देऊन 'यातलं कधी पडलंय?' असं विचारलं होतं. कुणीतरी पाठलाग करतंय, असं शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांनी सांगितलं. शाळा-अभ्यासही यादीत वरच होता. मी साताऱ्यात मानसशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलांकडून स्वप्नं चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायचे. पाठलाग तिथेही असायचाच, फक्त कराड-पाटणच्या मुलांच्या मागे उसातला बिबट्या लागायचा. पाटणची एसटी डोळ्यांदेखत सुटतेय आणि पाय उचलत नाहीत, हेही नेहमीचं.

अर्थ लावण्याआधी मोजायचं, ही पद्धत मला मनापासून पटते. अमेरिकेत हॉल आणि व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ मध्ये स्वप्नं मोजण्याची रीत मांडली : माणसं कोण, जागा कुठली, भांडण झालं की मदत, भलं झालं की वाईट. २०० विद्यार्थ्यांची १००० स्वप्नं त्यांनी अशी तपासली. त्यांत भल्यापेक्षा वाईटच जास्त निघालं. वाईट स्वप्न पडणं हीच रीत आहे ताई, तो अपशकुन नव्हे.

तुम्हीही लिहा. उशाशी वही ठेवा, मोबाईल हातात घ्यायच्या आधी आठवेल तेवढं उतरवा, तारीख घाला. खाली आदल्या दिवसाची एक ओळ : जीएसटीचं रिटर्न, सासऱ्यांचा दवाखाना, जे असेल ते. जागेपणीच्या काळज्या स्वप्नात उतरतात हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. गणिताचा पेपर कोणत्या दिवसांनंतर येतो, ते तुमच्याच वहीत दिसेल.

सासूबाईंशी वाद नको. नवरा आजारी आहे, त्याही घाबरल्या आहेत. त्यांना काय स्वप्नं पडतात ते विचारा आणि त्यांचंही एक पान त्याच वहीत सुरू करा.