बडोद्यात वडिलांची बायपास आहे. आयसीयूत किती दिवस जातील, हे आधी कळतं का?

अंदाज येतो, नेमका दिवस सांगता येत नाही. बहुतेक पेशंट १ ते ३ दिवसांत वॉर्डात जातात. कोणाचा मुक्काम लांबेल, हे मात्र बऱ्यापैकी ओळखता येतं. मी इथेच कार्डिॲक आयसीयूत नर्स आहे. ऑपरेशनआधी पाहायच्या गोष्टी: वय, क्रिॲटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी), इकोमधलं ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते), फुप्फुसाचा जुना आजार, ऑपरेशन तातडीचं किंवा दुसऱ्यांदा आहे का. २०१२ चा युरोस्कोअर-२, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनचा धोका काढायचं गणित, यांसारख्या गोष्टींवर चालतो, पण तो मृत्यूचा धोका मोजतो. त्यावरून दिवस मोजू नका, उगाच घाबराल. अमेरिकेतल्या सर्जनांच्या संस्थेच्या तशाच एसटीएस स्कोअरमध्ये २४ तासांहून जास्त व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता वेगळी मिळते. तुमच्या प्रश्नाला ती जास्त जवळची, सर्जनना तीच विचारा. खरं चित्र पहिल्या रात्री दिसतं: ड्रेनच्या (छातीतून रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत तासाला किती रक्त येतंय, लघवी नीट होतेय ना, सकाळपर्यंत श्वासाची नळी निघतेय का. स्कोअर चांगला असूनही एखाद्याची किडनी तिसऱ्या दिवशी रुसते, तेव्हा दांडिया बाजारातून डबा आणणाऱ्यांच्या पाळ्या आठवडाभराच्या लावून ठेवा.