बदकं तपासतं तरी कोण?

प्रश्न : दर रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन कवडीपाटला जातो, सोबत आठवीतली मुलगी असते. थंडी पडली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू, बाहेरच्या देशातली बदकं बर्ड फ्लू आणतात, नदीकडे फिरकू नका. बायको म्हणते आता बंद करा. खरंच कुणी ही बदकं तपासतं का? आणि उडत्या पक्ष्याला धरणार कोण?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : धरायची बरेचदा वेळच येत नाही हो, शीट गोळा करतात! हसू नका. हा व्हायरस बदकाच्या आतड्यात वाढतो आणि शीटेतून बाहेर पडतो, त्यामुळे थवा उठून गेला की काठावर जी ताजी ओली शीट राहते ती स्वॅबवर घ्यायची, द्रावणाच्या ट्यूबमध्ये टाकायची आणि बर्फाच्या डब्यातून लॅबला पाठवायची, उन्हात वाळली तर सगळी मेहनत वाया. लॅबमध्ये पीसीआर, म्हणजे व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून आधी इन्फ्लुएन्झा ए (बर्ड फ्लू ज्यात मोडतो तो गट) आहे का तेवढंच बघतात, निघाला तर मग एच५ की एच७, म्हणजे त्यातले धोक्याचे उपप्रकार, ते. आपल्याकडे शेवटचा रिपोर्ट भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा. गोम एवढीच की चक्रवाक, थापट्या, हळदीकुंकू अशा वेगवेगळ्या जातींची बदकं एकाच काठावर बसली असतील तर शीट कुणाची हे कसं कळणार, म्हणून एकाच जातीचा थवा हेरून ठेवावा लागतो. ओळखीसाठी पायात रिंग घालायला पक्षी धरलेच तर घशातून आणि मागून असे दोन स्वॅब घेतात.

ग्रुपवरचा मेसेज अर्धा खरा आहे. थापट्या, तलवार बदक वगैरे मंडळी व्हायरस बाळगूनही ठणठणीत दिसू शकतात, दुर्बिणीतून काय कळणार! पट्टकादंब हंसाचं मात्र तसं नाही, आपल्या भिगवणला येतो तोच. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर आणि २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग धरणावर हे हंस हजारोंनी मेले. पण भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नवापूरला, तेही पोल्ट्रीत, आणि एकदा पोल्ट्रीत शिरला की पक्ष्यांची ने-आण, ट्रे, खत, गाड्यांची चाकं यातूनही पसरतो, हे मेसेजवाले सोयीस्कर विसरतात.

माझं विचाराल तर सगळ्यात कामाची माणसं म्हणजे भिगवणचे नावाडी आणि मच्छीमार. ठणठणीत थव्याचे शेकडो नमुने तपासले तरी बहुतेक निगेटिव्हच येतात, उलट साथ असेल तर ती मेलेल्या पक्ष्यात लवकर सापडते, आणि मेलेला पक्षी आधी दिसतो कुणाला, तर दिवसभर पाण्यावर असणाऱ्याला. तुम्हीही तेच करा. चार-पाच पक्षी एकदम मेलेले किंवा मान वाकडी करून गरगर फिरताना दिसले तर हात लावू नका, फोटो आणि लोकेशन घेऊन वनखात्याच्या १९२६ वर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

वहिनींना सांगा, रविवार बंद करायची गरज नाही, तुमच्या लेन्समुळे अंतर तसंही राहतंच. फक्त काठावरच्या चिखलाचे बूट घरी आल्यावर साबणाने धुवा, या व्हायरसचं आवरण चरबीचं असतं, साबणापुढे टिकत नाही. आणि गावी कोंबड्या असतील तर तेच बूट घालून खुराड्यात शिरू नका.