संगणकाचे प्रश्न : प्लग-इन बसत नाही, बसलं तर चालत नाही

प्रश्न : मुलांसाठी घेतलेली गणिताची जुनी सीडी नव्या लॅपटॉपवर लावली की ब्राउझरमध्ये नुसती राखाडी चौकट येते आणि ‘फ्लॅश प्लेअर इन्स्टॉल करा’ असं दिसतं. एका साइटवरून तो उतरवला, तर अँटिव्हायरसनं फाइल अडवली. आता काय करावं?
– एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : अँटिव्हायरसनं बरोबर केलं. ती फाइल आधी डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणारं फ्लॅश हे जोड-सॉफ्टवेअर (प्लग-इन) अडोबी कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायचं नाकारू लागला. क्रोमनं ८८व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सनं ८५व्या आवृत्तीत फ्लॅशची सोयच काढून टाकली. त्यामुळे अस्सल इन्स्टॉलर हाती लागला तरी तो बसवायला खुंटीच उरलेली नाही. आजच्या तारखेला ‘फ्लॅश अपडेट करा’ म्हणणारं कुठलंही पान लबाडच समजा.

सीडी मात्र वाया गेलेली नाही. तिच्यातलं सगळं फोल्डरांसकट हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, म्हणजे कोणती फाइल कुठल्या जातीची ते दिसेल. ईएक्सई फाइल असेल तर आधी तिच्यावर डबल क्लिक करून बघा. अशा पुष्कळ फाइलींमध्ये प्लेअर आतच भरलेला असतो आणि त्या आजही चालतात. ‘ऑटोरन’ नावाची असेल तर ती बहुधा फक्त ब्राउझर उघडून देते, तिच्यावर अडून बसू नका.

नुसत्या एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फाइली असतील तर त्या चालवणारा ‘रफल’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या, आणि तो त्यांच्या अधिकृत साइटवरूनच. ब्राउझरचं एक्स्टेन्शनही मिळतं, पण या कामाला डेस्कटॉपची आवृत्ती बरी. कारण असं, की घरच्या डिस्कवरचं पान उघडलं की ब्राउझर सुरक्षेपायी त्या पानाला शेजारच्या फाइली वाचू देत नाही. मग पहिला पडदा दिसतो आणि पुढचा धडा येतच नाही. डेस्कटॉपच्या रफलमध्ये मुख्य एसडब्ल्यूएफ उघडा. दुसऱ्या फाइली वाचायची परवानगी मागितली तर द्या. तरीही कोरं राहिलं तर फक्त मुख्य फाइल उतरवली गेली आणि चित्रं-आवाजाचे फोल्डर सीडीवरच राहिले, असं तर झालं नाही ना, हे तपासा. २००६ च्या आधीच्या सीडी रफलवर सहसा नीट चालतात. त्यानंतरच्या, ॲक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या काही सीडी अर्ध्यात अडतात. फाइली डीसीआर असतील तर ते फ्लॅश नव्हे, शॉकवेव्ह हे वेगळं सॉफ्टवेअर. ते रफल चालवत नाही. त्यासाठी जुनंच मशीन, नेटची वायर काढून.

प्रश्न : जीएसटी पोर्टलवर डिजिटल सहीनं रिटर्न भरताना ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही, ईएमसाइनर पुन्हा सुरू करा’ असं येतं. ब्राउझर बदलून पाहिला, फरक नाही.
– एक अकाउंटंट, स्नेहनगर, इंदूर

उत्तर : फरक पडणारही नाही, कारण ईएमसाइनर ब्राउझरच्या आत नसतोच. तो डिजिटल सही करणारा, विंडोजवर चालणारा वेगळा प्रोग्रॅम आहे आणि पोर्टलचं पान त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ या पोर्टवरून बोलतं. घड्याळाशेजारच्या चिन्हांतून त्याला पूर्ण बंद करा. मग त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं सुरू करा. आता नव्या टॅबमध्ये आधी ‘एचटीटीपीएस’ लावून तो पत्ता आणि विसर्गासारखं कोलन देऊन १५८५ टाका. ब्राउझर धोक्याचा इशारा देईल. फक्त या एका पत्त्यापुरतं ‘ॲडव्हान्स्ड’ आणि मग ‘प्रोसीड’ दाबा, कारण समोर तुमचंच मशीन आहे. मग पोर्टलचं पान रिफ्रेश करून सही करा. क्रोमनं ‘या साइटला तुमच्या मशीनशी जोडू द्यायचं का’ असं विचारल्यावर चुकून ‘ब्लॉक’ दाबलं गेलं असेल, तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून ते बदला.

जोडणी झाली पण सर्टिफिकेटची यादी रिकामी, हा निराळा आजार. डिजिटल सही ठेवलेल्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर आणि सर्टिफिकेटची मुदत पाहा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या विंडोज ७ संगणकावर फायरफॉक्सचे सगळे ॲड-ऑन एकदम बंद पडले. नवं बसवायला गेलं तर फाइल खराब असल्याचं सांगतो. पुन्हा उतरवली तरी तेच.
– सुदामा नगर, इंदूर

उत्तर : फाइल खराब नाही, तिच्यावरची सही पटत नाहीये. फायरफॉक्स प्रत्येक ॲड-ऑनची डिजिटल सही तपासतो. त्यासाठी लागणारं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं. ‘हेल्प’मधून ‘अबाउट फायरफॉक्स’ उघडा. १२८ किंवा पुढची आवृत्ती हवी. विंडोज ७ वर ती बसत नाही, तिथे ईएसआर (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ११५ची मालिका घ्या, ११५.१३ किंवा त्यापुढची.

त्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. बँकेच्या, मेलच्या साइटही ‘सुरक्षित नाही’ म्हणत असतील तर दोष घड्याळाचा. वाचनालय बंद करताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद होतं, मग रात्रभर घड्याळ मदरबोर्डवरच्या सेलवर चालतं. तो संपला की सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे. सेल सीआर २०३२, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा, सिल्व्हर मॉलमध्ये सहज मिळेल. पॉवरची वायर काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, सेलशेजारची क्लिप बाजूला सारली की जुना वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ घाला. या मशीनवर क्रोमचा विचार करू नका. विंडोज ७ साठी १०९ ही त्याची शेवटची आवृत्ती, आणि नवी एक्स्टेन्शन्स तिला नाकारू लागली आहेत.

प्रश्न : मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन बसलं, पण उघड्या पानात उमटतं इंग्रजीच.
– तिलक नगर, इंदूर

उत्तर : एक्स्टेन्शन बसवण्याआधी उघडलेल्या पानात ते शिरत नाही. पान रिलोड करा. क्रोमच्या सेटिंग्जच्या पानांवर आणि वेब स्टोअरमध्ये ते चालणारच नाही, तिथे ब्राउझर कोणालाच आत घेत नाही. इनकॉग्निटोत हवं असेल तर वेगळी परवानगी द्यावी लागते. खरं तर विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडून तो निवडा, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदला. वर्डमध्येही चालेल, एक्स्टेन्शन काढून टाका.