नोकरी, व्हिसा आणि शेअर, तिन्ही एकाच दावणीला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फ्रीमाँटला चिप बनवायच्या मशिनच्या कंपनीत सहा वर्षं नोकरी, एच-वन-बी (नोकरीवर अवलंबून असलेला अमेरिकेचा व्हिसा) वर, आरएसयू (पगाराचा भाग म्हणून कंपनी देते ते तिचेच शेअर) साठत साठत ३ लाख ४० हजार डॉलरचे झालेत, वर्षभरात घर घ्यायचंय त्याला अडीच लाख डाउन पेमेंट लागणार, बायको म्हणते आत्ताच विका आणि तुम्ही म्हणता एआयची लाट आहे, सध्या बाजार टॅरिफ-मंदीच्या बातम्यांनी घाबरलाय, तो शांत झाला की विकू.

मी वहिनींच्या बाजूने. आणि शेअर पडेल म्हणून नाही हं, उद्या तो दुप्पट झाला तरी माझं उत्तर हेच राहील.

हा धंदा तुम्ही आतून बघता, पण आपलाच शेअर म्हटलं की माणूस विसरतो. चिपची मागणी जरा मंदावली की मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्या चिप बनवायचं बंद करत नाहीत, नवीन मशीन घ्यायचं पुढे ढकलतात, जसं दुष्काळात शेतकरी पेरणी कशीतरी करतो पण ट्रॅक्टरचं पुढच्या वर्षी बघू म्हणतो. २०२२ मधे हेच झालं, वर ऑक्टोबरमधे अमेरिकेने चीनला मशिनं विकण्यावर बंधनं आणली. अशीच मशिनं बनवणाऱ्या लॅम रिसर्चचा शेअर त्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत निम्म्याहून खाली आला आणि जानेवारी २०२३ मधे त्यांनी सुमारे १३०० लोक कमी केले. क्रम बघा, आधी शेअर पडला, मग नोकऱ्या गेल्या. पुढे शेअर परत वर आला हे खरंय, पण नोकरी गेलेल्याला एच-वन-बी वर नवीन नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, शेअर वर येईपर्यंत थांबायला तेवढे पुरत नाहीत.

बाजार शांत होण्याची वाट बघायची म्हणता, तर एएसएमएल या चिपची मशिनं बनवणाऱ्या युरोपियन कंपनीचं आठवा. ऑक्टोबर २०२४ मधे तिमाहीच्या ऑर्डरी २.६ अब्ज युरो निघाल्या, लोकांची अपेक्षा त्याच्या दुपटीच्या आसपास, एका दिवसात शेअर १६ टक्के आपटला. पुढच्याच तिमाहीत ऑर्डरी ७ अब्जांच्या वर! शेवटी कंपनीनेच सांगून टाकलं की २०२६ पासून दर तिमाहीला हा आकडा देणारच नाही. अशा लहरीवर घराची तारीख बांधायची का, सांगा.

टॅक्स बसेल म्हणून विकत नाही असंही लिहिलंय, इथे जरा गफलत होतेय. आरएसयू व्हेस्ट झाले, म्हणजे खरोखर तुमच्या नावावर आले, त्या दिवसाच्या भावाने ते तुमच्या पगारात धरले गेलेत, आता टॅक्स फक्त त्यानंतरच्या वाढीवर. म्हणजे अलीकडचे लॉट (एका वेळी व्हेस्ट झालेले शेअर) विकले तर जवळजवळ काहीच नाही, वर्षाहून जुन्यांवर फेडरल (केंद्राचा टॅक्स) बहुतेक १५ टक्के आणि कॅलिफोर्निया मात्र साध्या उत्पन्नासारखाच पूर्ण घेतं. एखादा लॉट तोट्यात विकणार असाल तर आधीच्या किंवा नंतरच्या ३० दिवसांत नवीन व्हेस्टिंग नाही ना ते बघा, नाहीतर वॉश सेल होऊन तो तोटा आत्ता धरता येत नाही. आणि व्हेस्टिंगला कंपनी फेडरल टॅक्सपोटी साधारण २२ टक्केच कापते, तुमचा ब्रॅकेट वरचा, एप्रिलमधे फरक भरावा लागतो तो बाजूला ठेवा.

तर ट्रेडिंग विंडो (कंपनीतल्या लोकांना तिचे शेअर विकायची मुभा असलेला काळ) उघडली की अडीच लाख अधिक त्यावरचा टॅक्स एवढं विका, तुकड्या-तुकड्याने नको. पैसे ट्रेझरी बिलात (अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत), घराच्या तारखेच्या आत मॅच्युअर होणाऱ्या, व्याजावर कॅलिफोर्नियाचा टॅक्सही नाही. सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढा. मग जे ४०-५० हजारांचे शेअर उरतील ते खुशाल ठेवा, कंपनीवर विश्वास आहे तर तेवढा असू दे की. यापुढचं प्रत्येक व्हेस्टिंग मात्र विंडोत विकून साध्या, सगळ्या बाजारात पसरलेल्या इंडेक्स फंडात. सेमीकंडक्टरचा ईटीएफ (फक्त चिप कंपन्यांच्या शेअरचा फंड) घेऊ नका, लोक हमखास हेच करतात आणि वर म्हणतात डायव्हर्सिफाय केलं, अहो ते म्हणजे त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत झोपायला जाणं.

रिझल्टच्या आधी काही आठवडे विंडो बंद असते, तारखा कंपनीत आजच विचारून घ्या. लॉटवार यादी, व्हेस्टिंगची तारीख आणि त्या दिवसाचा भाव असं पाठवा, कुठले आधी काढायचे ते बघून सांगतो.