पालकांचे प्रश्न : सहा पडणं खरंच कठीण असतं का?

मागच्या महिन्यात आलेख आणि 'चान्स' यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरं काही घेतच नाही. काही प्रश्न लांब होते ते थोडे छाटलेत, राग मानू नका.

ताई, मुलगा तिसरीत आहे. शाळेत चित्रालेख झाला, वहीत वर्गातल्या मुलांची आवडती फळं काढून आणली. "यातून काय कळलं रे?" विचारलं तर म्हणाला, "आंबा काढायला सोपा असतो." आता घरी कसं शिकवू? – एक आई, नाशिक

उत्तर तसं प्रामाणिकच आहे त्याचं! वर्गात कुणाला आंबा आवडतो हे त्याला जाणून घ्यायचंच नव्हतं, बाईंनी सांगितलं म्हणून काढलं. ज्यावरून घरात वाद होतात असा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ डब्यातली कुठली भाजी परत येते? तुम्ही म्हणणार सगळ्याच, तो म्हणणार फक्त दोडका. आधी त्याचा अंदाज कागदावर लिहून घ्या (हे विसरू नका, अंदाज लिहिलेला असला की मोजायला मजा येते) आणि मग फ्रिजच्या दारावर एक कागद लावा, भाज्यांची नावं खाली खाली लिहा, डबा परत आला की त्या भाजीपुढे त्यानेच एक रेघ मारायची, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. याच त्या ताळ्याच्या खुणा, वेगळ्या शिकवायला नकोत.

महिन्याने चौकटीच्या वहीत आलेख काढायला बसा, एका चौकटीत एकच चित्र. साध्या कागदावर मुलं कलिंगड एवढं मोठं आणि द्राक्ष एवढंसं काढतात, मग तीन कलिंगडांची रांग सहा द्राक्षांपेक्षा लांब दिसते आणि मूल सरळ सांगतं कलिंगड जास्त. आणि जी भाजी एकदाही परत आली नाही तिचं नाव पुसू देऊ नका, रिकामी रांगही काहीतरी सांगते.

आता खरी गंमत. समजा भेंडी दोनदा परत आली आणि दोडका एकदाच. तो म्हणेल भेंडी जास्त नावडती. मग विचारा, "भेंडी महिन्यात किती वेळा दिली होती?" पाच वेळा. दोडका? एकदाच, आणि तो एकदाचाही परत आला. मग आता सांग, उद्या दोडका दिला तर काय होईल? इथे मुलं गप्प होऊन विचार करतात, करू द्या, लगेच उत्तर सांगायची घाई नको. नुसतं किती वेळा झालं हे पुरत नाही, कितीपैकी किती वेळा हे बघावं लागतं, आणि संभाव्यता म्हणतात ती इथूनच सुरू होते. अपूर्णांक, टक्के काही काढू नका अजून. आणि एकाच वेळच्या दोडक्यावरून दोडक्याला नापास करायचं का, हाही वाद घाला हवं तर.

चित्रालेखातलं "१ चित्र = ५ मुले" हे प्रमाण मुलीला समजतच नाही, एक चित्र म्हणजे एकच धरते. – एक बाबा, ठाणे

कारण पाच कशाला धरायचे हे तिला पटलेलंच नाही. सोसायटीत उभ्या असलेल्या स्कूटर मोजायला लावा, पन्नास-साठ होतील, प्रत्येकीचं चित्र काढायला बसली की दहाव्या स्कूटरला स्वतःच कंटाळून विचारेल काही सोपं नाही का. तेव्हा प्रमाण सांगा, आणि आधी १० चं सांगा म्हणजे अर्धी स्कूटर = ५ हे सोपं जातं. सात स्कूटर कशा दाखवायच्या यावर अडेल, अडू दे, तिथेच स्तंभालेख (चित्रांऐवजी उंच-बुटक्या पट्ट्यांचा आलेख) कशाला लागतो ते कळतं. स्तंभालेख काही फार पुरातन नाही बरं का, १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अर्थतज्ज्ञांनी स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा छापला, तोही त्यांच्याकडे वर्षावर्षाचे आकडे नव्हते, एकाच वर्षाचे होते म्हणून!

मुलगी सात वर्षांची. लुडोत सहा पडलं नाही की रडारड. म्हणते सहा पडणं सगळ्यात कठीण असतं आणि दादालाच पडतं. – एक आई, पनवेल

असं वाटणारी ती एकटी नाही, बऱ्याच मुलांना असंच वाटतं. सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो, त्यामुळे सगळ्यांचे डोळे सहावर, तीन किती वेळा पडला नाही हे कुणी मोजतं का? "अगं सगळे सारखेच असतात" हे सांगून उपयोग नाही, तिला ते खोटंच वाटणार. कागदावर १ ते ६ लिहा, खेळ बाजूला ठेवा आणि नुसता फासा टाकत बसा, पडेल त्या आकड्यावर एक चौकट रंगवायची. पहिल्या दहा-बारा दानांत एखादा आकडा खूप पुढे जाईल, एखादा पडणारच नाही, आणि तो न पडलेला नेमका सहा निघाला तर तुमची पंचाईत. थांबू नका. दादाला, बाबांना पण टाकायला लावा, सगळ्यांची दानं एकाच कागदावर. शंभराच्या वर गेलात की रांगा बऱ्यापैकी जवळ येतात, अगदी सारख्या नाही होणार, आणि कुणाच्या हातात जादू नाही हेही दिसतं.

पण एक गोष्ट तिची बरोबर आहे, वाट खरंच बघावी लागते. सलग सहा वेळा टाकूनही सहा न पडणं हे साधारण तीनपैकी एकदा होतं, दहा वेळा टाकूनही न पडणं साधारण सहापैकी एकदा. म्हणजे चार जण खेळायला बसले की कुणीतरी अडकून बसणार हे जवळजवळ ठरलेलंच. हे आकडे तिला सांगायचे नाहीत, तुमच्यासाठी आहेत, म्हणजे तुम्ही "पडेल गं आता, आता पडायलाच पाहिजे" असं म्हणणार नाही. फाशाला मागचं काही आठवत नसतं. हवं तर घरापुरता नियम बदला, एक किंवा सहा पडलं की सोंगटी बाहेर, आणि तिलाच विचारा आता लवकर निघेल की उशिरा.

नात पाचवीत आहे. फासे, दान हे शिकवणं म्हणजे जुगाराची गोडी लावणं नव्हे का? – एक आजोबा, सांगली

आजोबा, तुमची शंका अगदीच अस्थानी नाही. हे गणित जन्मलंच मुळी जुगाऱ्यांच्या प्रश्नांतून, १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांमध्ये जी पत्रं गेली ती डाव आणि पैजा यांवरचीच. पण पैसे लावल्याशिवायही दान टाकता येतं, आणि तुमच्याकडे फाशापेक्षा चांगली वस्तू असेल : चिंचोके. फोडून दोन फाका केल्या की एक बाजू काळी, एक पांढरी. अशा चार फाका घेऊन खेळायचा तो खेळ तुम्ही खेळलाच असाल, कुणी अष्टचंग म्हणतं, कुणी चल्लस आठ. जितक्या पांढऱ्या तितकं दान, सगळ्या काळ्या पडल्या तर आठ.

नातीला आधी विचारा कुठलं दान जास्त पडेल, मग टाकत जा आणि तिला रांगा रंगवू द्या, ८, १, २, ३, ४ (आठ म्हणजे एकही पांढरी नाही, म्हणून तो सगळ्यात आधी). मधे टेकडी उभी राहील. चार फाका पडायच्या एकूण तऱ्हा १६, त्यातल्या ६ तऱ्हांनी दोन पडतं, ४ तऱ्हांनी एक, ४ तऱ्हांनी तीन, आणि चार किंवा आठ पडायला प्रत्येकी एकच तऱ्हा (फाक दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरून). म्हणून तर चार आणि आठ पडलं की परत टाकायला मिळतं, ज्यांनी खेळ बसवला त्यांना ते दान दुर्मिळ आहे हे नीट माहीत असावं! पाचवीतली मुलगी या सोळा तऱ्हा काळे-पांढरे ठिपके काढून स्वतः लिहू शकते, धडा म्हणून संभाव्यता राज्य मंडळाच्या पुस्तकात दहावीला येईल तेव्हा येईल. नंतर कवड्या घेऊन तेच करा. कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्यामुळे टेकडी एका बाजूला कलते. किती कलते हे कुठल्या सूत्रातून निघत नाही, टाकून मोजावंच लागतं.

मोबाइलवर ६० टक्के पाऊस दाखवला आणि थेंबही नाही. मुलगा म्हणतो ॲप खोटं बोलतं. काय सांगू? – एक आई, रत्नागिरी

६० टक्के म्हणजे असे दहा दिवस घेतले तर साधारण सहा दिवस पडेल, चार दिवस नाही. एका कोरड्या दिवसावरून ॲप खोटं ठरत नाही, आणि एका ओल्या दिवसावरून खरंही ठरत नाही. बातम्यांत "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणतात ते मात्र वेगळं, तिथे शक्यता किती हे नाही, किती ठिकाणी पडेल हे सांगायचं असतं, तुरळक म्हणजे चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी. मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी ॲपचा आकडा लिहू द्या आणि रात्री पडला की टिक, नाही की फुली. पावसाळा संपला की पन्नास ते सत्तरमधले दिवस वेगळे काढा आणि टिका मोजा. रत्नागिरीत जुलैत सगळ्याच टिका येतील, म्हणून जूनची सुरुवात आणि सप्टेंबर सोडू नका.