एका शेपटीचे आठ शब्द

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. मोबाइलवरून पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची यादी वहीत उतरवते, रोज वीस शब्द घोकते. चार दिवसांनी विचारलं की निम्मे विसरलेली असते. यादी चुकते की पद्धत? (शेतकरी पालक, दारव्हा तालुका)

उत्तर: पद्धत. त्या यादीतल्या शब्दांत सारखी आहे ती फक्त लांबी, आणि लांबीवरून काहीच आठवत नाही. त्यात आपल्या पोरांची एक खरी अडचण आहे. मराठीत जे ऐकू येतं तेच लिहायचं असतं. ‘नाइट’ म्हटलं की त्यांच्या कानाला तीन अक्षरं ऐकू येतात, लिहायची मात्र पाच. म्हणून कानापेक्षा डोळ्याला सवय लावायची.

तिला वहीच्या पानावर मधोमध आय-जी-एच-टी ही चार अक्षरं लिहायला सांगा आणि त्यांच्या आधी एकेक अक्षर ठेवू द्या. एन ठेवला की नाइट, एल ठेवला की लाइट. आर, एफ, एम, टी ठेवून राइट, फाइट, माइट, टाइट. एस ठेवला की साइट म्हणजे दृष्टी. बांधकामाची साइट वेगळी, एस-आय-टी-ई, हे तिथल्या तिथे सांगून टाका. शेवटी ई ठेवला की एट, म्हणजे आठ. इथे उच्चार फिरतो, म्हणून तो शेवटी घ्यायचा. पाच अक्षरी आठ शब्द झाले, आणि लक्षात ठेवावी लागली ती फक्त चार अक्षरांची शेपटी. दुसऱ्या दिवशी पुढे दोन-दोन अक्षरं लावा: ब्राइट, फ्लाइट, स्लाइट.

वर्गात या शेपटीपाशी एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, जी-एच बोलाचं नाही त लिहाचं काहून?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पोरांना द्यायलाच हवं. ती अक्षरं एकेकाळी बोलली जात. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून ‘ख्’सारखा आवाज निघायचा. जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्ट’ आणि आठला ‘आख्ट’ म्हणतो. कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना सुरू केला तो १४७६ साली. पुढे छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, बोलण्यातला आवाज मात्र गळाला. आता आपल्या घरात पाहा. श्रावणी सोमवारी आजी नक्त करते, दिवसभर उपाशी राहून रात्री जेवते. ते ‘नक्त’ आणि हे ‘नाइट’ मुळात एकाच घरचे. ‘अष्ट’ आणि ‘एट’ही तसेच. ‘अष्ट’चा ‘आठ’ होताना आपलाही ‘ष्’ गळालाच. फरक एवढाच की बोलणं बदललं तसं आपण लिहिणंही बदललं, आणि इंग्रजांनी जुनं लिहिणं तसंच ठेवलं. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवलं तेव्हापासून माझ्या वर्गात जी-एच गाळणारी पोरं फार कमी झाली.

प्रश्न: दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक शब्द देऊन त्यातल्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरांचे चार शब्द करायला सांगतात. मला ऐन वेळी सुचत नाहीत. काही युक्ती आहे का? (विद्यार्थिनी, मोर्शी)

उत्तर: तू मोर्शीची आहेस, तर संत्र्यावरच सराव करू. ऑरेंज: ओ-आर-ए-एन-जी-ई. आधी स्वर वेगळे काढ: ओ, ए, ई. तिघांपैकी एकेक मधे ठेव आणि दोन्ही बाजूंना व्यंजनं लावून बघ. ए मधे घेतला की आर-ए-एन, म्हणजे रॅन. मग ए-जी-ई, म्हणजे एज. ई-ए-आर, इअर. ओ-एन-ई, वन. चार शब्द झाले, पेपरचं काम संपलं.

पण इथे थांबू नकोस, कारण या शब्दात फार मौज आहे. यातला ओ काढून टाकला की उरलेल्या पाच अक्षरांतून रेंज होतो आणि अँगरही. ई काढला की ऑर्गन, आणि तीच अक्षरं फिरवली की ग्रोन, म्हणजे कण्हणे. विज्ञानाच्या पुस्तकातला अरगॉन वायूही त्याच पाच अक्षरांत बसतो. मार्क जातात ते दोन चुकांनी. दिलेल्या शब्दात अक्षर एकदाच असेल तर ते एका शब्दात दोनदा वापरता येत नाही. ऑरेंजमधून ग्रीन होत नाही, कारण त्याला दोन ई लागतात. आणि दिलेल्या शब्दात एस नसेल तर शेवटी एस लावून अनेकवचन करायचं नाही.

ऑरेंज हा शब्दही आपल्याच ‘नारंग’वरून निघून फारसी, अरबी, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत गेला. पुढचा ‘न’ वाटेत गळाला.

प्रश्न: आमच्या गावच्या दूध डेअरीच्या बोर्डावर पेंटरने ‘डायरी’ लिहून ठेवलं. दोन्हींत अक्षरं तीच आहेत म्हणतो. (दूध उत्पादक, आर्णी तालुका)

उत्तर: अक्षरं तीच आहेत, पेंटरदादा तेवढ्यापुरते बरोबर. जागा बदलली की शब्द बदलतो. डेअरी म्हणजे डी-ए-आय-आर-वाय. याच्या पोटात एअर, म्हणजे हवा आहे. डायरी म्हणजे डी-आय-ए-आर-वाय. ती लॅटिनमधल्या दिवसाच्या शब्दावरून आली आणि तो शब्द आपल्या ‘दिवस’चा सख्खा नातेवाईक. ‘दि’ला डी-आय, म्हणून डायरीलाही डी-आय. बोर्ड तेवढा दुरुस्त करून घ्या. त्याच रस्त्याने शाळेची पोरं जातात आणि रोज तेच वाचतात. क्वाएट आणि क्वाइट यांचंही असंच आहे. शांत या अर्थाच्या शब्दात शेवटी ‘एट’ ऐकू येतं, म्हणून तिथे ई आधी आणि टी नंतर.

प्रश्न: वर्डल खेळताना पहिला शब्द कोणता टाकावा? (बीएस्सीचा विद्यार्थी, बार्शीटाकळी)

उत्तर: स्लेट. आपली पाटी. जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या या खेळात पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो, म्हणून पहिल्या फेरीत नेहमी येणारी अक्षरं तपासून घ्यावीत. इंग्रजीत ई सर्वांत जास्त येतो. ए, टी, एस आणि एलही भरपूर. पाचही स्लेटमध्ये आहेत. तीच अक्षरं फिरवून लीस्ट, स्टील म्हणजे चोरणे, आणि स्टेल म्हणजे शिळे असे शब्द होतात, ते दुसऱ्या फेरीला कामी येतात.

प्रश्न: पाचवीच्या वर्गासाठी एखादा लांब शब्द सुचवा, जो मुलं विसरणार नाहीत. (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, घाटंजी तालुका)

उत्तर: मंगूस. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, अक्षरं आठ. बाई, हा शब्द इंग्रजीने मराठीतून घेतलेला आहे, आपला मुंगूस. धुऱ्यावरून आडवा जाताना तुमच्या प्रत्येक पोराने तो पाहिलेला असतो. फळ्यावर लिहा आणि पहिली तीन अक्षरं हाताने झाका. खाली पाच अक्षरी गूस उरतो, म्हणजे हंसासारखा पक्षी. मुलांना तो स्वतः शोधू द्या. मग एवढंच सांगा की गूसचं अनेकवचन गीस होतं, पण मंगूसचं मंगूसेस, कारण त्या पक्ष्याशी त्याचं काही नातं नाही.