‘नको’च्या आधी उतरव

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू आलीस आणि चहा तसाच ठेवून गेलीस. पोराला कडेवर घेऊन दारात उभ्याउभ्याच विचारलंस, "बाई, किती दिवसांत सवय होईल ओ याला सायकलवर बसायची?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तू गेल्यावर मात्र मला राग आला. तुझा नाही, त्या प्रश्नाचा. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी १९९३ साली शेजारच्या काकूंना विचारला होता आणि त्यांचं उत्तर मुकाट्यानं ऐकलंही होतं. "रडू दे की चार दिवस. पोरं रडतातच."

तुझ्या नवऱ्याचंही तेच म्हणणं दिसतंय.

तर माझं म्हणणं एका ओळीत सांगते. बाकी पत्र हरवलं तरी चालेल. त्याच्या तोंडून ‘नको’ यायच्या आधी त्याला खाली उतरव. नको म्हटल्यावर नाही. आधी.

तुम्ही काय केलंत? महागाची सीट आणली, रविवारी सकाळी साखरझोपेतून पोराला उचललं, नवं हेल्मेट डोक्यावर दाबलं, पट्टे आवळले आणि निघालात कळंब्याच्या तळ्याकडे. आपलं कोल्हापुरातलं संभाजीनगर ओलांडेपर्यंत तो किंचाळला, तळ्यापर्यंत रडला आणि येताना झोपला. नवरा म्हणाला, बघ, जमलं. जमलं नाही. पोरगं दमलं.

जरा त्याच्या जागी बसून बघ. मागच्या सीटवरून त्याला दिसतं काय? बापाची पाठ आणि घामानं भिजत चाललेला टी-शर्ट. रस्ता दिसत नाही, खड्डा येतोय ते कळत नाही, एकदम बुडाखालून दणका. त्याहून वाईट म्हणजे निघण्याआधीची ती वेळ. पोराला बांधून झाल्यावर बाप टांग टाकतो आणि सायकल एका अंगाला कलते. ती पडणार नाही हे आपल्याला माहीत असतं. त्याला माहीत नसतं, आणि त्याचे हातपाय तर आपण बांधून ठेवलेले.

तू म्हणालीस, "पण स्कूटरवर तर खुशीत येतो." येणारच! स्कूटरवर तुम्ही त्याला पुढं उभं करता. आरसा धरून तो अख्ख्या महाद्वार रोडचा राजा असतो. (इथं बाई म्हणून बोलते, ऐकायचं: ते आधी बंद करा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं, चालवणाऱ्याशी जोडलेला पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम २०२२ सालीच निघालाय. आपल्या गावात तो पाळताना मला कुणी दिसलेलं नाही, पण म्हणून पोराचं डोकं काही टणक होत नाही.) तर मुद्दा असा, की तुझ्या पोराला वेगाची भीती नाही. त्याला दिसत नाही, म्हणून तो भितो. वजन त्याचं बारा किलो. सायकलच्या पुढच्या सीटा साधारण पंधरा किलोपर्यंत चालतात, मागच्या बावीसपर्यंत. म्हणजे आणखी काही महिने तरी तो पुढं, हँडलपाशी बसू शकतो. मागची सीट कपाटावर ठेवा, नंतर लागेलच. आणि पोराला बसवण्याआधी नवऱ्याला सांग, दहा किलो तांदळाची पिशवी त्या सीटला बांधून गल्लीत चार फेऱ्या मार. वळताना हँडल कसं ओढतं, थांबताना तोल कुठं जातो, हे तांदळावर शिकू दे.

पण हे सगळं नंतर. पहिला आठवडाभर ती पुढची सीट सायकलला लावूच नका. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवा. त्यात आधी त्याचा भालू बसेल, मग भालूला पट्टा लागेल, मग कधीतरी तो स्वतः चढेल. क्लिप त्याला स्वतःला लावू दे, काढू दे, शंभर वेळा. हेल्मेटचंही तसंच. ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, मागं टोपीसारखं सरकलेलं नको. आणि हनुवटीखालची क्लिप लावताना आपलं बोट मध्ये घालायचं. तिथली कातडी एकदा चिमटली की महिनाभर त्या हेल्मेटचं नाव काढायची सोय राहत नाही.

मग सायकल. ती उभी, एकानं दोन्ही हातांनी धरलेली, आणि पोरगं वर बसून घंटी वाजवतंय. एवढंच. हसतंय ना? उतरव. अजून हवंय म्हणतंय? उत्तम, तरी उतरव. आणि नुसत्या स्टँडच्या भरवशावर त्याला वर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. पोरगं जरा हललं तरी सायकल आडवी होते आणि ते बांधलेलं असतं, उडीही मारू शकत नाही.

तुला हे फार सावकाश वाटेल. आपल्या रंकाळ्याजवळच्या नंदीची गोष्ट ऐकली आहेस ना? तो म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. (कुणी उलटंही सांगतं.) मला लहानपणी वाटायचं, काय हा बिनकामाचा हिशोब. पोरांच्या बाबतीत मात्र हिशोब तोच आहे. आज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, उद्या सीटला हातही लावणार नाही. लावू नको दे. गहू आणि तांदूळ यातला जो काय फरक उरतो, तेवढंच आपलं.

आता माझं सांगते. सांगणार नव्हते.

माझी लेडीज सायकल होती. यांच्या सायकलला नळीवर बसवायची छोटी लोखंडी सीट होती, पण त्या दिवशी हे गावाला गेलेले. मी पोराला माझ्या कॅरिअरवर बसवलं. खाली टॉवेलची घडी, आणि ओढणीनं माझ्या कमरेला बांधलेला. तेव्हा सगळेच असं नेत. बघ, आजही हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा येतं. सगळेच असं नेत, रस्ता उखडलेला होता, ओढणी घट्ट होती, मला पोचायची घाई होती. सगळं खरं आहे. रंकाळ्यावरच्या तांबट कमानीपाशी त्यानं पहिल्यांदा म्हटलं, "आई, उतव." त्याला ‘र’ यायचा नाही. मी म्हटलं, आलंच हं. तो पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, बदकं बघ, पाणी बघ. पाच-सहा वेळा म्हणाला असेल. मग बोलायचा थांबला, आणि मला वाटलं, रुळला.

पाय मागच्या चाकात गेला. टाचेमागची कातडी सोलून निघाली, टाके पडले. लहान मुलांची सायकलवरची ही अगदी नेहमीची दुखापत आहे. म्हणून तर आताच्या सीटांना पाय झाकणाऱ्या बाजू असतात आणि पावलांना वेगळे पट्टे असतात. ते पट्टे ‘इथंच तर जायचंय’ म्हणून सोडायचे नाहीत. आम्हीही इथंच तर चाललो होतो.

कितीतरी वर्षं मी हा अपघात म्हणूनच सांगत आले. मग एकदा वर्गात फळ्यावर काहीतरी लिहिताना मधेच लक्षात आलं, की तो पाय खाली आला कशाला? उतरायला. मी उतरवत नव्हते, म्हणून तो स्वतः उतरत होता.

तो आता पुण्यात असतो. सायकल कधी शिकला नाही. परवा तू गेल्यावर मी मुद्दाम फोन करून विचारलं, तुला रंकाळ्यावरचं आठवतं का रे? म्हणाला, नाही, टाचेवर खूण आहे तेवढी. मग सायकल का नाही चालवलीस? म्हणाला, "आई, नाही आवडत काही लोकांना." असेलही. मी त्यावर काय बोलणार?

धाकटीच्या वेळी मी हट्टाला पेटले. तिला मी महिनाभर चालवत्या सायकलवर बसवलंच नाही. आता यांच्याच सायकलची सीट, पट्टा शिवून घेतलेला, आणि मी बाजूनं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत. ती हसत असतानाच उतरवायची. ती चिडायची, उतरवलं म्हणून! आख्खी गल्ली बघायची. एक जण तर रोज विचारायचे, "बाई, आज पालखी कुठवर?" विचारू दे म्हटलं. एका संध्याकाळी तीच सायकलपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी बसतो." (आपल्याकडच्या पोरी ‘बसतो’च म्हणणार. शाळेत मी मारे व्याकरण शिकवायची, घरात काही चाललं नाही.) दहावीच्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर सायकलनं पन्हाळ्याला गेली. वाघबीळचा चढ पाय न टेकता चढले म्हणून आठवडाभर मिरवत होती.

आता तू म्हणशील, दोन पोरं मुळातच वेगळी असतात बाई, तुमच्या पद्धतीचं त्यात काय? असतात वेगळी. मी तीस वर्षं पोरं शिकवलीत, मला सांगू नकोस. तरी मी माझंच म्हणणं लावून धरणार. नको यायच्या आधी उतरव.

आणि चुकून आलाच ‘नको’ वाटेत, तर? तर तिथंच उतरायचं. पोर कडेवर, सायकल हातात, चालत घरी. ‘थोडंच राहिलंय’ हे शब्द त्याच्यासमोर उच्चारायचे नाहीत. त्यातूनच किती लांब जायचं याचं मापही मिळतं: जितकं पोर घेऊन चालत परत येता येईल तितकंच. तुमच्यापासून कळंबा त्या मापात बसत नाही. गंगावेस बसते. आणि त्याला ‘फिरायला जाऊ’ म्हणू नकोस, ते अडीच वर्षांच्या डोक्यात शिरत नाही. ‘म्हैस बघायला जाऊ’ म्हण. तिथल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाचा पेला हातात देतात. त्या पेल्यासाठी पोरगं पाच मिनिटं सायकलवर बसेल. तिथून परत येताना बसायचं नसेल तर नसू दे, एक वाट झाली.

डिसेंबरात तुमचा ग्रुप पन्हाळ्याला निघालाय आणि पोराला घेऊन जायचंच असं नवऱ्यानं ठरवलंय, असं तू जाता जाता बोललीस. जिन्यात. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच आली होतीस, कळलं मला. तर नाही. वीस किलोमीटर, शेवटचा टप्पा सगळा चढाचा, आणि डिसेंबर म्हणजे ऐन उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मोठ्यानं लावलेली गाणी, मागची ट्रॉली वळणावर कुठवर येईल ते चालवणाऱ्यालाही नीट दिसत नाही. त्यात पहाटेची थंडी. तुझा नवरा पायडल मारून घामाघूम होईल आणि म्हणेल, कुठाय थंडी? पोरगं नुसतं बसलेलं, समोरून वारा, ते गारठतं आणि सांगत नाही. झोपलं तर मान पुढं लोंबते, त्यावर हेल्मेटचं वजन. रागव म्हणावं माझ्यावर, पण नाही. त्याला जाऊ दे एकट्याला ग्रुपबरोबर. तू पोराला घेऊन एसटीनं वर जा. वर तबक उद्यानाच्या आसपास, उन्हं आल्यावर, त्याला पाच मिनिटं सायकलवर बसव आणि उतरव. घरी आल्यावर तो सगळ्यांना सांगेल, मी पन्हाळ्याला सायकल चालवली. सांगू दे.

तुझा नवरा वाईट नाही. त्याला पोराबरोबर जायचंय, पोराला टाकून नाही, हे मला दिसतं. मलाही तेच हवं होतं ना. माझीच घाई नडली, त्याची नडू नये एवढंच.

माझ्या जुन्या सायकलची घंटी माळ्यावरून काढून, घासूनपुसून ठेवलीय. अजून खणखणीत वाजते. रविवारी येऊन घेऊन जा आणि त्याच्या हातात दे. वाजवू दे घरभर, नवरा वैतागला तर मला सांग. येताना सायकल आणू नका.

तुझ्या
बाई

ता. क. या वेळी चहा पिऊन जायचं.